ठमीला आधी एकटं राहू द्या

साताऱ्याच्या शाहूपुरीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. पत्र लांब आहे, त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"आमच्याकडे तीन वर्षांची ठमी नावाची मांजर आहे. पिल्लू असताना माझ्या मुलीला ती पावसात गटाराच्या कडेला सापडली, तेव्हापासून मुलीच्याच अंथरुणात झोपते. तिचं ऑपरेशन झालंय, लशी वेळच्या वेळी दिल्यात. गेल्या आठवड्यात रात्री आमच्या गल्लीतून वरात निघाली. डॉल्बी आणि फटाक्यांनी घराच्या काचा हालत होत्या. ठमी खिडकीत बसली होती. तेवढ्यात बाहेरच्या कठड्यावर एक दांडगा बोका येऊन उभा राहिला. ठमीनं अंग फुगवलं आणि असा आवाज काढला, की तसा आम्ही कधी ऐकला नव्हता. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. 'ठमू, घाबरू नको' म्हणत ती तिला उचलायला गेली, तर ठमीनं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला, दंडावर ओरबाडलं. मी सोडवायला गेले, माझ्या पोटरीला पंजा मारला. ह्यांनी चप्पल फेकून मारली तेव्हा ती कपाटावर जाऊन बसली. आता सहा दिवस झाले. माझ्याजवळ येते, खाते. पण मुलगी खोलीत आली की कान पाडून गुरगुरते. काल पुन्हा तिच्या अंगावर धावून गेली. मुलगी रोज कपाटाखाली उभी राहून हात पुढे करते, 'सॉरी ठमी' म्हणते आणि रडते. सासूबाईंना साखर आहे, त्यांना भीती वाटते. मांजर माणसावर उलटलं की घरात ठेवू नये, पोत्यात घालून यवतेश्वरच्या घाटात सोडून या, असं त्या म्हणतात. हेही आता तेच म्हणायला लागलेत. मुलीच्या हाताला घरीच हळद लावली. घरचंच मांजर, म्हणून दवाखान्यात गेलो नाही. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या जखमेबद्दल मी तुम्हाला फोनवर बोलले होते. तुम्ही मुलीला घेऊन सिव्हिलला गेलात, पहिलं इंजेक्शन झालं, तुमच्याही पोटरीचं डॉक्टरांनी पाहिलं, हे कळल्यावरच बाकीचं लिहायला बसले. तरी तो भाग इथे पुन्हा लिहिते, कारण 'घरचंच तर आहे' म्हणून हळद लावून गप्प बसणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मांजर चावलं की पहिलं काम नळाखाली. साबण लावून, वाहत्या पाण्यात, जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळ बघूनच धुवा, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुष्कळ धुतलंसं वाटतं. हळद, चुना, तिखट, तंबाखू, काहीही जखमेत भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. रक्त आलेला चावा रेबीजच्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरतात. त्यासाठी लस लागते आणि जखमेत व जखमेभोवती द्यायचं सीरमही लागतं. सरकारी दवाखान्यात ही लस सहसा कातडीत देतात आणि पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे ३, ७ आणि २८ व्या दिवशी बोलावतात. बरं वाटतंय म्हणून मधला डोस बुडवू नका. मांजराला लस दिलेली असली तरीही डॉक्टरांकडे जायचंच. लशीचं कार्ड सोबत न्या आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. चावलेलं मांजर मात्र १० दिवस डोळ्यांसमोर हवं. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही याची खात्री होते. ठमीला पहिल्याच दिवशी घाटात सोडून आला असतात, तर ही खात्री करून घ्यायची वाटच बंद झाली असती.

दुसरं, मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. वरून भोक एवढंसं दिसतं, पण दात खोल गेलेला असतो, कातडी वरून मिटते आणि जंतू आत राहतात. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, आणि त्यांच्यामुळे चोवीस तासांच्या आतसुद्धा हात लाल होऊन सुजू शकतो. चावा बोटाच्या सांध्याजवळ किंवा मनगटावर असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. सासूबाईंना साखर आहे, म्हणून त्यांच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं. त्यांची भीती अस्थानी नाही, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा. आपलं म्हणणं घरात कुणी ऐकून घेतलं, असं वाटलं की माणूस पुढचं ऐकायला तयार होतो.

आता ठमीबद्दल.

त्या रात्री खिडकीत काय घडलं ते तिच्या बाजूनं बघा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. आपल्यालाच छातीत दणके बसतात अशी डॉल्बी, वर फटाक्यांची माळ. ती आधीच जीव मुठीत धरून बसली होती. त्यात बोका आला. आपल्या हद्दीत परका बोका शिरणं ही मांजराच्या दृष्टीनं मोठीच आपत्ती, आणि मध्ये काच. तिला त्याच्यावर धावून जाता येत नव्हतं, आणि मागे फिरून पळावं तर त्याच्याकडे पाठ करावी लागणार. सगळं अंग लढाईला उभं राहिलेलं, आणि लढायला समोर कुणी नाही. अशा वेळी जो कुणी तिला हात लावील त्याच्यावर तो सगळा भडका निघतो. हात कुणाचा आहे हे ओळखण्याच्या अवस्थेत ती तेव्हा नसतेच. तुम्ही गेला असतात तर तुम्हाला चावली असती. पहिल्यांदा मुलगी गेली, म्हणून मुलीला चावली. वरातींच्या मोसमात आणि दिवाळीत माझ्याकडे अशा मांजरांचे फोन येतातच. बहुतेक घरांत चावा त्यालाच बसलेला असतो, ज्याचा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असतो. कारण धावून जातो तोच.

मुलीला हे तुम्ही नीट, बसून सांगा. ती रोज माफी मागते आहे. माफी मागण्यासारखं तिनं काहीही केलेलं नाही. घाबरलेल्या जिवाला जवळ घ्यावंसं वाटणं यात चूक कसली? फक्त मांजराची रीत वेगळी आहे. भ्यालेलं लेकरू आईला बिलगतं. भ्यालेल्या मांजराला आधी लपायला जागा हवी असते आणि मग वेळ.

मग सहा दिवस झाले तरी राग का गेला नाही, असं तुम्ही विचारलंत. याची दोन कारणं आहेत. अशी खवळलेली अवस्था काही तासांत ओसरते, कधी एक-दोन दिवस लागतात. पण त्या क्षणी जे जे समोर होतं, ते मांजर भीतीशी जोडून ठेवतं. आवाज, बोका, अंगावर आलेली चप्पल, आणि या सगळ्याच्या मधोमध तुमच्या मुलीचा चेहरा आणि तिचे हात. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं तिचं झालं आहे. दुसरं कारण म्हणजे ती माफी. कपाटाखाली उभं राहून डोळ्यांत डोळे घालून बघणं, हात वर करणं, रडताना आवाज चढणं, यातली प्रत्येक गोष्ट मांजराला धमकीसारखी वाटते. वर बसलेल्या ठमीला खाली उतरायची वाट रोज कुणीतरी अडवून धरलेली आहे. मुलगी जितकी समजूत काढते, तितकी ती आणखी घाबरते. म्हणून सगळ्यात आधी हे थांबवा. आजपासून मुलीनं तिच्याकडे जायचं नाही, बघायचं नाही, हाक मारायची नाही. पोरीला हे जड जाईल. तिच्याकडे दुसरं काम आहे, ते पुढे सांगते.

चपलेबद्दल एवढंच म्हणेन, की घरच्यांनी ती घाबरून फेकली, हे मला समजतं. लेकीच्या हातातून रक्त येताना बघून कुणाचंही भान सुटेल. पण यापुढे मारणं नाही, पाणी उडवणं नाही, मानगूट धरून कोंडणं नाही. भीतीनं चावणाऱ्याला शिक्षा केली की त्याची भीती खरी ठरते, आणि पुढच्या वेळी तो गुरगुरून सूचना न देताच चावतो. गुरगुरणं ही तर सोय आहे. ठमी अजून गुरगुरते, म्हणजे ती अजून तुम्हाला आधी सांगते आहे. ते बंद पडू देऊ नका.

बाकीचं सुरू करण्याआधी तिला एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तुमची गोष्ट ऐकून मला कारण स्पष्ट दिसतं, तरीही. मांजर दुखणं लपवतं. खिडकी थोडी उघडी असेल, जाळीतून बोक्याचा पंजा किंवा दात लागला असेल, तर केसांखाली गळू धरतो आणि तो चार-सहा दिवसांनीच कळतो. चप्पल कुठे लागली तेही बघायला हवं. उडी मारताना ती थबकते का, एकाच बाजूनं चावते का, अंग चाटणं कमी झालंय का, पाठ वर काढून आखडून बसते का, हे दोन दिवस लक्षपूर्वक बघा आणि डॉक्टरांना सांगा. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दहा वर्षांपुढचं मांजर अचानक चिडकं झालं असेल, खूप खाऊनही वाळत असेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. आणि बोका पुन्हा पुन्हा वाळूत बसून कण्हत असेल, लघवी होत नसेल, तर तो स्वभावाचा प्रश्न नाही, लघवी तुंबली आहे. त्याला त्याच दिवशी दवाखाना हवा, नाहीतर जीव जातो. तोंडातून लाळ, झोकांड्या, बदललेला आवाज, कारण नसताना दिसेल त्याला चावणं, असं काही दिसलं तर हात न लावता खोलीचं दार ओढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

साताऱ्यात लहान प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. अवघड केस असली तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ठमीला नेण्यासाठी झाकणाची टोपली किंवा पिंजरा आजच तिच्या खोलीत उघडा ठेवून द्या, आत तिचं जुनं फडकं घाला. जायच्या दिवशी माळ्यावरून काढलेली टोपली बघितली की ती पुन्हा खवळेल. वाटेत टोपलीवर चादर टाका. डॉक्टरांना आधी फोन करून 'चावते' असं सांगा. आधी घरी द्यायचं शांत करणारं औषध ते लिहून देऊ शकतात.

घरात आता एक खोली तिची. मागची, रस्त्याच्या बाजूची नसलेली, जिथे माणसांची ये-जा कमी. तिला उचलून तिथे न्यायचं नाही. जेवणाची वेळ झाली की त्या खोलीत तिच्या आवडीचं ठेवा, घर शांत करा, ती आपली आपण जाईल, मग दार हळूच ओढा. उचलावंच लागलं तर जाड वाकळ अंगावर टाकून, सगळं अंग गुंडाळूनच. खोलीत वाळूचं घमेलं एका कोपऱ्यात, खाणं-पाणी त्याच्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात. एक पुठ्ठ्याचा खोका आडवा, त्याला दोन तोंडं कापलेली, म्हणजे आत कोंडल्यासारखं वाटत नाही. आणि उंचावर बसायला जागा: कपाट, माळा, काहीही. उंचावर बसलेल्या मांजराला खाली उतरवायला कुणीही जायचं नाही, हा घरातला नियमच करा. दिवे मंद, टीव्ही लांब. पहिले दोन दिवस फक्त तुम्ही आत जायचं, तेही खाणं ठेवायला आणि वाळू साफ करायला. गप्पा नको, कुरवाळणं नको. तुमच्या पायाला ती घासली तर घासू दे.

खोली बंद केली म्हणजे कैद केली, असं सासूबाईंना किंवा मुलीला वाटेल. तसं नाही. कुणीही माझ्याकडे येणार नाही, हे तिला चोवीस तासांत एकदाही खोटं ठरलेलं दिसायला नको, एवढ्यासाठी ते दार आहे.

त्या बोक्याचा बंदोबस्त झाला नाही तर बाकी सगळं पाण्यात. खिडकीच्या काचेचा खालचा अर्धा भाग आतून वर्तमानपत्र किंवा दुधी कागद लावून झाका, उजेड वरून येऊ दे. तो कठड्यावर मुतून गेला असेल. मांजराला तो वास काचेच्या आतूनसुद्धा येत राहतो. कठडा आणि खिडकीची चौकट कोमट पाणी आणि कपड्यांच्या पावडरीनं घासून धुवा, ऊन लागू द्या. फिनेल वापरू नका. फिनेलमधली कार्बोलिक जातीची द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. पायाला लागलेलं ती चाटते आणि आजारी पडते. हे नेहमीच्या फरशीलाही लागू आहे. गॅलरीत उरलंसुरलं टाकत असाल तर ते बंद करा, बोका त्यासाठीच येतो. शेजारी कुणी त्याला खायला घालत असेल तर भांडू नका. उलट त्यांच्याशी बोलून दोघी मिळून त्याची नसबंदी करून घेतलीत, तर त्याचं हिंडणं, मुतणं, रात्रीचं ओरडणं आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतील. गल्लीतल्या सगळ्याच मांजरांवर उपकार होतील. त्याच्यावर मात्र दगड टाकू नका. तोही त्या फटाक्यांत आडोसा शोधत आला असेल.

आता मुलीचं काम. तिचा न धुतलेला फ्रॉक किंवा रुमाल ठमीच्या खोक्याजवळ ठेवा, आत नको, जवळ. ठमीनं हुंगला, त्यावर बसली तर उत्तम. लांब राहिली तर तसाच पडून राहू दे. मुलीनं रोज संध्याकाळी त्या बंद दाराबाहेर बसून आपला अभ्यास मोठ्यानं वाचायचा. धडा, कविता, पाढे, काहीही. आवाज नेहमीचा, दाराकडे पाठ. वाचन सुरू झालं की तुम्ही आत ठमीसमोर तिचं सगळ्यात आवडतं खाणं ठेवायचं. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, उकडलेला मासा, जे तिला वर्षात दोनदा मिळतं ते. वाचन थांबलं की ताटली उचलायची. मुलीचा आवाज म्हणजे चांगलं काहीतरी, हे तिच्या डोक्यात नव्यानं बसायला हवं, आणि ते शब्दांनी बसत नाही, पोटातून बसतं. ठमी न गुरगुरता खायला लागली, खाताना तिची शेपूट शांत राहिली, की दार बोटभर उघडं ठेवा. मग वीतभर. मध्ये जाळीचं दार किंवा आडवी लावलेली जुनी जाळी असली तर फारच सोयीचं. एका पायरीवर ती खायची थांबली, तर त्याच दिवशी एक पायरी मागे या. घाई केली की मागे पडलात म्हणून समजा.

मुलगी खोलीत जाईल तो दिवस ठमी ठरवेल. जाईल तेव्हा मुलीच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात मोजे असू द्या, तुम्ही बरोबर असा, जवळ एक उशी ठेवा. मुलीनं दारापाशीच, ठमीकडे कड करून, खाली बसायचं. उभं माणूस मांजराला फार मोठं दिसतं. डोळे रोखायचे नाहीत. नजर गेलीच तर पापण्या सावकाश मिटून सावकाश उघडायच्या. पुष्कळदा मांजर तसंच उत्तर देतं, आणि पोरांना त्याचा आनंद फार होतो. हात मांडीवर. ठमी आली, हुंगलं, निघून गेली, तर आजचं झालं. किती मोठी गोष्ट झाली ते मुलीला तुम्ही बाहेर आल्यावर सांगा. पुढे कधीतरी ती गाल घासेल, तेव्हा एका बोटानं गालाला, कानाच्या बुडाला, दोन-तीन वेळा खाजवायचं आणि आपणच थांबायचं. पुन्हा हवं असेल तर ती पुन्हा डोकं पुढे करेल. पाठीवरून शेपटीपर्यंत हात, पोटाला हात, उचलणं, हे पुष्कळ महिने नको. खेळ खेळायचा तर काठीला लांब दोरी बांधून; हाताशी, पायाशी कधीच नाही.

शेपटीचं टोक झटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, बुबुळं काळीभोर मोठी झाली, की उठून जायची वेळ झाली. यातलं पहिलं दिसलं तरी जायचं, चौथ्याची वाट बघायची नाही. अंगावर आलीच तर किंचाळायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही. उशी मध्ये धरून मागे मागे सरकत बाहेर यायचं आणि दार लावायचं. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, हे सगळं तिला शिकता येतं, माझ्या अनुभवात मुलं हे मोठ्यांपेक्षा नीट करतात. पण तिला भीती वाटत असेल तर ती वाटू द्या. 'अगं आपली ठमीच आहे, घाबरतेस काय' असं तिला कुणीही म्हणू नये. तिचा हात ठणकला आहे, आणि ज्या जिवावर माया केली त्यानंच चावल्याचं दुःख त्याहून जास्त ठणकतं. महिनाभर तिनं दाराबाहेरच वाचलं तरी चालेल.

किती दिवस लागतील? काही मांजरं आठवड्यात पहिल्यासारखी होतात, काहींना काही महिने लागतात. खरं सांगायचं तर एखादं मांजर त्या माणसाच्या मांडीवर पुन्हा कधीच बसत नाही, एका खोलीत मात्र शांत राहतं. तेही स्वीकारता येण्यासारखं आहे. दोन-तीन आठवडे नीट करूनही फरक नसेल, किंवा पुन्हा रक्त येईल असा चावा बसला, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. मांजराची भीती कमी करणारी औषधं आहेत, त्यातली काही महिनोन् महिने द्यावी लागतात, आणि ती दिल्यानं मांजर नुसतं झिंगून पडतं हा समज चुकीचा आहे. पण घरातली झोपेची, रक्तदाबाची, दुखण्याची कुठलीही गोळी आपल्या मनानं तिला देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉल तर अजिबात नाही; एका गोळीनंही मांजर मरू शकतं.

घाटात सोडण्याबद्दल. मांजर कुठेही जगतं, उंदीर मारून खातं, असं समजून लोक सोडून येतात. तीन वर्षं ताटलीतलं खाल्लेली, ऑपरेशन झालेली, आत्ता घाबरलेली ठमी यवतेश्वरच्या घाटात कुत्र्यांच्या, गाड्यांच्या नाहीतर उपाशीपणाच्या तावडीत सापडेल, आणि ते लवकर होईल. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण सासूबाईंशी कायद्यानं बोलू नका. मांजराचा जीव घेतला तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं सांगणारी माणसं आपल्या घराघरांत होऊन गेली. त्यांच्या लहानपणी त्यांनीही ते ऐकलं असेल. त्यांना भीती नातीची आहे आणि स्वतःच्या पायांची आहे. म्हणून त्यांना शब्द द्या, की ठमी असेल त्या खोलीचं दार बंद असेल, चावी तुमच्याकडे असेल, आणि त्या अंगणात, देवघरात, स्वयंपाकघरात निर्धास्त फिरतील. हा शब्द एकदाही मोडू नका. आणि सगळं करूनही, औषध देऊनही, ती सूचना न देता पुन्हा पुन्हा चावत राहिली, तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं नसलेलं, सगळं खरं सांगून तयार झालेलं एखादं घर शोधायचं. त्यात कमीपणा नाही. पण ती वेळ आत्ता आलेली नाही, अजून तुम्ही काहीच करून पाहिलेलं नाही.

पुढच्या वरातीची तयारी आत्ताच करून ठेवा. गल्लीत मांडव पडला की तारीख कळतेच. गणपतीची मिरवणूक, दिवाळी, निवडणुकीचा निकाल, हे तर आधीच माहीत असतं. त्या दिवशी दुपारीच ठमी मागच्या खोलीत, खिडक्या लावून जाड पडदे ओढलेले, पंखा सुरू, खोक्यावर वाकळ टाकलेली, वाळू-पाणी आत. तिथून ती आवाज संपल्यावर तासाभरानं बाहेर येईल. तोवर कुणीही, अगदी प्रेमानंसुद्धा, त्या खोलीत जायचं नाही.

तीन आठवड्यांनी मला कळवा. मुलीचं वाचन सुरू असताना ठमी खाते का, दार किती उघडलंय, आणि बोका पुन्हा दिसला का, एवढं लिहिलंत तरी पुढचं सांगता येईल. मुलीच्या लशीच्या उरलेल्या तारखा मात्र आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा.